शेरा

हजेरीपटात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
अकरा वर्षं मी तिथे तेच तेच लिहीत आलो:
'आजारी', 'गावची जत्रा', 'मुलगी बाळंत',
शिमग्यात सगळ्यांच्या नावापुढे एकच लांब आडवी रेघ.

ऐन चैत्रात, काजूबिया पोत्यांनी उतरू लागल्या तेव्हा,
वेंगुर्ल्याबाहेर, दाभोलीच्या वाटेवरल्या आमच्या कारखान्यात
हेमांगी गिरप आली.
डावा हात मुठीत मिटलेला, जन्मापासून.
डावा पाय जमिनीला विचारून टाकलेला.
शब्द तोंडातून ओले होऊन येतात,
पुन्हा विचारावं लागतं, आणि ती पुन्हा सांगते.
(आधी मी न कळताच मान हलवायचो.)
मालक म्हणाले, नावापुढे लिही 'विशेष'.
लिहिलं. पेन्सिलीनं.
का पेन्सिलीनं, ते तेव्हा माझं मलाच ठाऊक नव्हतं.

त्याआधी सात वर्षं ती संस्थेत मेणबत्त्या ओतायची.
दिवाळीत टेबल मांडायचं, पाहुणे यायचे,
पन्नासाची वस्तू शंभरला घ्यायचे, सुटे नको म्हणायचे.
वाकडी मेणबत्तीही जायची, सरळ असल्यासारखी.
तिथे कुणी काही मोजत नसे, ती म्हणाली.
हे वाक्य मला तीनदा विचारावं लागलं.

इथे सगळं मोजतात.
अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा, कणी.
सोललेल्या किलोमागे दर, तुकड्यामागे कपात.
मालक तिला रोजावर ठेवणार होते, मदत म्हणून.
ती म्हणाली, किलोवर.

एका हातानं गर धरायचा कसा नि साल काढायची कशी?
बाबल मेस्त्रीनं फणसाच्या फळीत खोबण कोरली.
ती म्हणाली, खोल.
दुसरी कोरली. म्हणाली, गुळगुळीत, घसरतो.
मेस्त्री वैतागला, विडी पेटवून बाहेर उभा राहिला,
मग तिलाच पेन्सिल दिली, खूण कर म्हणाला.
तिसरी बसली.
टेबलाचे पायही चार बोटं कापले तिच्यासाठी,
तर आठवड्यात फ्लोरीनबाय आपलं ताट घेऊन शेजारी:
"ह्या माझ्या कमरेक बरा."

चमत्कार बिमत्कार काही झाला नाही.
पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन किलो. मग साडेतीन.
बाकीच्या आठ-नऊ काढतात, ती अजून सहाच्या वर गेली नाही.
कुणी कुजबुजलं, जागा अडवते.
कुणी तिचा डबा उघडून देऊ लागलं, न मागता,
तर तिनं दातांनी झाकण काढून दाखवलं.
नंतर कुणी कुजबुजलं नाही असं नाही.
पण आता तिच्या तोंडावर बोलतात, आणि ती उत्तर देते,
आणि उत्तर ऐकायला सगळ्या थांबतात. थांबावंच लागतं.

पहिल्या कपातीच्या दिवशी ती काट्यापाशी आली.
"काटो पुसलंस काय?"
मी पुसला. पुन्हा वजन केलं. तेवढंच भरलं.
तिनं पारड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
"बरा" म्हणाली नि सही केली.
सही करायला तिला वेळ लागतो.
मागे रांग होती, पावसाळी हवा, सगळ्यांना घरची घाई.

काल ती आली आठ वाजून सतरा मिनिटांनी.
एस्टीची पायरी उंच, ड्रायव्हरला धीर नाही,
ती दांडी धरेपर्यंत गाडी सुटली.
उभादांड्याहून चालत आली, चपलेत वाळू.

इतरांना लागतो तो नियम तिलाही.
खोडरबर घेतला, 'विशेष' पुसलं,
कागद तेवढ्या जागी जरा फुसफुशीत झाला,
आणि त्यावर शाईनं लिहिलं: 'उशिरा'.

तिनं वाकून वाचलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आणि या वेळी मला पहिल्यांदाच कळलं:
"एस्टीच्या नावापुढे लिव."

एस्टीचं नाव आमच्या पटात नाही.
मी पानं उलटून पाहिली, पुढची, मागची.
अजून पेन हातात आहे.